डाव्या हाताला चावणारं पिल्लू

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं ते तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. किंमत ठरली दोन पायली धान, तीही नवं धान निघाल्यावर आणि पिल्लू टिकलं तरच. फुकट घेतलेलं पिल्लू जगत नाही, असं आमच्याकडे मानतात. ठरवताना आम्ही तिघं हजर होतो: मी, बाबा आणि पिल्लाची मालकीण, नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, तिथल्या चार घरांच्या वस्तीतली एक म्हातारी बाई.

पिल्लू बाबांसाठीच आणलं होतं. चैत्रात त्यांना लकवा मारला. पाय सावरला, बोलणं परत आलं, डावा हात मात्र तसाच राहिला. दिवसभर ते ओसरीवर बाजेवर बसून असत. जवळ काहीतरी जिवंत असावं, एवढाच विचार होता.

दुधाचे दात सुईसारखे असतात. पहिल्या आठवड्यात घरातल्या कोणाचीच पोटरी सुटली नाही. बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, साधा ओरखडा निघाला तरी रक्त लवकर थांबत नसे. बायकोनं स्पष्ट सांगितलं, दिवाळीपर्यंत चावणं सुटलं नाही तर हे टोल्यावर परत जाईल. तिचं चुकत नव्हतं.

गुरांच्या डॉक्टरांनी रीत सांगितली. मारायचं नाही. दात लागला की ओरडायचं, हात सैल सोडायचा, पाठ फिरवायची, खेळ बंद. चावायला पोत्याची गाठ द्यायची. आणि घरात सगळ्यांनी तसंच वागायचं; एकानं सूट दिली की बाकीच्यांचं वाया.

मी अंगणात ‘आय्’ म्हणून पाठ फिरवली की शेजारी कुंपणावरून बघायचा. “काऊन भाऊ, बिबट आला तर त्यालेही पाठच दाखवणार का?” आमच्या भागात कुत्रा चावराच लागतो, त्यामुळे त्याचंही खरं होतं. पण तो येताजाता पिल्लाला दुपट्टा दाखवून चिडवायचा. ते बंद करायला मला त्याच्याशी वाईटपणा घ्यावा लागला.

महिनाभरात फरक पडला. पिल्लू माझा हात तोंडात धरी, पण दाब देत नसे. बायकोचा पदर सोडला. बाबांच्या उजव्या हातालाही दात लावत नव्हतं. डाव्यावर मात्र रोज नवे ठिपके, आणि एकदा बाजेच्या दोरीवर वाळलेलं रक्त. बाबांना कुरखेड्याला दवाखान्यात नेऊन कुत्रा चावल्याच्या सुया सुरू केल्या.

मला कारण सरळ वाटलं. त्या हाताला काही कळत नाही, म्हणून बाबा ओरडत नाहीत, म्हणून पिल्लू शिकत नाही. मी जुन्या स्वेटरची बाही कापून त्यांच्या हातावर चढवली. एक दिवस धानाच्या बांधीवरून लवकर परतलो तर बाही उशाशी काढून ठेवलेली. बाबांनी उजव्या हातानं डावा उचलून पिल्लाच्या तोंडाशी धरला होता. डोळे मिटलेले होते.

मी म्हणालो, “बाबा, हे काय करून राह्यले?”

“थांब जरा. जोरात चावते तवा कुठीतरी लागल्यासारखं वाटते मले.”

“कुठी?”

बराच वेळ ते शोधत राहिले. मग म्हणाले, “आता नाई.”

मी बाजेच्या कडेला बसलो. सहा महिन्यांत हात आला तर आला, असं लकव्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं. हा सहावा महिना चालू होता. मी पिल्लाचं तेवढं बोललो: चावणं सुटलं नाही तर याला परत द्यावं लागेल. तुम्ही ओरडल्याशिवाय याला कळणार नाही. लागलं नाही तरी ओरडा.

बाबांनी डोळे उघडून हाताकडे पाहिलं. पिल्लानं पुन्हा दात लावला.

“आय्,” बाबा हळू आवाजात म्हणाले.

पिल्लू थबकलं. बाबांनी हात उचलून मांडीवर घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढे रोज ते असंच करत. दात केव्हा लागला हे बघूनच कळायचं, त्यामुळे नजर सारखी त्या हातावर ठेवावी लागे. दिवाळीच्या आधी चावणं पूर्ण सुटलं. हाताच्या मालिशचं तेल संपलं तेव्हा बाबा नवं आणू नको म्हणाले.

धानाची मळणी झाली आणि बाई टोपली घेऊन आली. पिल्लू तिच्या गुडघ्याएवढं झालं होतं. तिनं त्याच्या तोंडात बोटं घालून पाहिली.

“चावते का भाऊ?”

“नाई,” बाबा म्हणाले. “समजदार आहे. लागते म्हटलं की सोडते.”

बाईनं त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं आणि टोपली पुढे केली.

मी दोन पायली मोजून टोपलीत ओतल्या. मापावर एक ओंजळ जास्तीची घालायची आमच्याकडे रीत आहे, आणि ती घरातल्या मोठ्यानं घालायची. मी टोपली बाजेजवळ सरकवली. बाबांनी उजव्या हातानं एक मूठ घातली, थांबले, आणि आणखी एक घातली. टोल्यावरच्या बाईला दिलं ते एवढं: दोन पायली धान, वर दोन मुठी.