सुपाऐवजी मोबाइल

माझ्या ताईला पाहायला पाहुणे आले होते, तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हातारीने आमच्याच घरातलं सूप मागून घेतलं, त्यात आमचेच तांदूळ ओतले आणि ते ताईपुढे सरकवलं. निवड म्हणाली. ताई मान खाली घालून खडे वेचत बसली. म्हातारी तांदळाकडे बघतच नव्हती. ती ताईचे डोळे बघत होती. दाणा जवळ नेऊन बघते का, डोळे बारीक करते का, कंटाळून सूप हलवते का. मी दाराआड उभी होते. माझ्यापुढे कोणी असं सूप ठेवलं तर उठून जाईन, हे मी तेव्हाच ठरवलं. ताईला त्या लोकांनी पसंत केलं, ती सासरी रामपायलीकडे सुखात आहे, पण माझा राग काही गेला नाही.

पुढे मी शिकले. आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. खरं तर दहावीच्या पुढे गेलेलीही मीच पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. बालाघाटला एका खासगी शाळेत गणित शिकवायला लागले आणि कटंगीकडचं गाव सोडून आई-बाबा माझ्यासोबत भाड्याच्या घरात आले. मग स्थळं यायला लागली. येणारा प्रत्येक जण बैठकीत बसला की मी आधी बघायचे, त्याच्या सोबतच्या बायकांच्या हातात काय आहे.

मलाजखंडचं स्थळ आलं तेव्हा कोणाच्या हातात काही नव्हतं. मुलगा तांब्याच्या खाणीत मशिनीवर होता, डिप्लोमा झालेला, क्वार्टर मिळालेला. त्याची आई चहा प्यायली, चांगला झाला म्हणाली आणि गेली. मला चालायला लावलं नाही की काही वाचायला लावलं नाही. उलट त्यांच्याकडून निरोप आला, की पोरापोरीला फोनवर बोलू द्या, मग दोन्हीकडून हो-नाही कळवू. बाबा खूश झाले. मला मात्र ते फार सोपं वाटलं. इतक्या सोप्या गणितात कुठेतरी गोम असते.

फोनवर त्याला बोलताच येत नव्हतं. सगळं आयुष्य टाउनशिपमध्ये हिंदीत गेलेलं, माझ्याशी मराठी बोलायला जायचा आणि मध्येच अडकायचा. मग दोघंही गप्प, नुसता पंख्याचा आवाज. असं काही वेळा झाल्यावर त्याने बोलणं सोडून एका खेळाची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, ‘बोलना नहीं पड़ेगा.’

खेळ असा होता. मोबाइलच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत खडे मांडलेले. एक चाल माझी, एक त्याची. एका रंगाचे तीन खडे ओळीत आणले की ते फुटतात. इथपर्यंत ते नुसतं कोडं. पण वरच्या अर्ध्या भागात दोन माणसं अंगावर येणाऱ्या जनावरांना तोंड देत जंगलातून सोबतीने चाललेली असतात, एक माझं आणि एक त्याचं. लाल खडे फुटले की माझी बाई तलवार चालवते, पिवळे फुटले की त्याचा गडी काहीतरी करतो. कोण व्हायचं ते आधी निवडायचं असतं. तलवारवाली, वैद्य, मशालवाला, ओझेवाला. मी तलवारवाली घेतली. त्याने ओझेवाला घेतला, ज्याला मारता येत नाही, फक्त पाठीवरच्या बोचक्यातून दोर नाहीतर भाकर काढून देता येते.

कोणता पुरुष स्वतःहून ओझेवाला होतो? मला पहिला संशय तिथेच आला.

दुसरा संशय खेळावरच होता, तो मला इतका का ओढतो म्हणून. खड्यांचं कोडं मला दोन दिवसांत पाठ झालं असतं आणि मी ते सोडून दिलं असतं. नुसती तलवारवाली बाई असती तर पोरखेळ म्हणून हातही लावला नसता. पण दोन्ही एकत्र केलं होतं ना, त्यात गंमत होती. कोडं सुटलं की ते वहीत पडून राहत नाही, त्या बाईच्या अंगावर दिसतं. तिची ढाल रुंद होते, ती थोडी ताठ चालायला लागते. मी डिग्री घेतली तेव्हा बाबांनी मला दारात उभं करून खालून वर पाहिलं होतं. काय वाढलं ते शोधत असावेत. मार्कशीट त्यांना वाचता येत नव्हती. या बाईचं वाढलेलं कोणालाही वाचता आलं असतं. म्हणून मी शाळेतून आले की आधी मोबाइल घ्यायचे, हे खरं आहे. आणि हेही खरं, की एकदा मी मुद्दाम हरले, तर पुढचा डाव इतका सोपा आला की मला राग आला. मला कोणी गोंजारलेलं चालत नाही, मशीननेही.

तर असं खेळता खेळता माझ्या लक्षात आलं, की समोर एक माणूस नाही, दोन आहेत.

वर्गात दोन वह्यांत उत्तर सारखंच असलं तरी कोणी सोडवलं आणि कोणी उतरवलं ते मला पायऱ्यांवरून कळतं. इथेही तसंच होतं. काही दिवस ओझेवाला हावऱ्यासारखा खेळायचा. जे दिसेल ते फोडायचा, माझे लाल खडे जुळत आलेले असले तरी त्यांच्या मधलाच उचलायचा. आणि काही दिवस तोच ओझेवाला थांबून, विचार करून खेळायचा. स्वतःचे पिवळे सोडून द्यायचा आणि माझा लाल खडा एक घर जवळ आणून ठेवायचा, की पुढची चाल माझी व्हावी. त्या हातासोबत खेळताना माझी तलवारवाली कधी पडली नाही. त्या हाताची मी वाट बघायला लागले होते.

मग मी हिशेब मांडला. पुरुष घाईचा, बाई धीराची, असंच आपल्या डोक्यात असतं, माझ्याही होतं. हावरा तो मुलगा. आणि जी थांबून माझ्याकडे बघते ती त्याची आई. ताईपुढे सूप ठेवणारी म्हातारी तांदळाकडे बघत नव्हती, तशीच ही खड्यांकडे बघत नाही. पोरगी चिडते का, धीर धरते का, दुसऱ्याचं घेते का, हे घरबसल्या बघते आहे. सूप गेलं आणि मोबाइल आला, एवढंच.

मी त्याला फोन लावला आणि सरळ विचारलं, “खेळता ते तुम्हीच का?”

 तो म्हणाला, “कभी-कभी आई भी खेलती है. तिच्या मोबाइलमध्ये पण माझाच गडी उघडते.”

“मग सांगायला काय झालं होतं?”

“आपने पूछा नहीं.”

त्याने माफीही मागितली नाही आणि बहाणाही केला नाही. मला त्याचा राग यायला हवा होता तेवढा आला नाही, म्हणून मी जास्तच रागावले. घरी सांगून टाकलं, की माझ्याकडून नाही. आईने कपाळाला हात लावला. पर्मनंट नोकरीचं स्थळ एका मोबाइलच्या खेळावरून मोडणारी पोरगी तिने पाहिली नव्हती.  बाबा म्हणाले, “तुले शिकवलं ते याच्यासाठीच, का तूच पाह्यशीन म्हणून. पण पूर्ण पाह्य, बाई. अर्धं पाहून ‘नाही’ नको म्हनू.”

ते मला पटलं. मी निरोप पाठवला, की मुलाच्या आईने एकटीने यावं. का, ते सांगितलं नाही.

ती आली, बैहरचा घाट उतरून बसने, बाजाराचं निमित्त करून. आईने पोहे केले. खाणं झाल्यावर मी माझा मोबाइल काढला आणि म्हटलं, “काकू, खेळता का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं. “आता तू पाह्यून राह्यली का मले?”

“हौ.”

तिकडे आईच्या हातातली ताटली वाजली. पण ती बाई हसली, पदराने चष्मा पुसला आणि तिचा मोबाइल उघडून माझ्या शेजारी येऊन बसली. मी खड्यांकडे पाहिलं नाही, तिचा अंगठा पाहिला. अंगठा थांबतच नव्हता. तिने पहिल्याच चालीला माझ्या जुळत आलेल्या लाल ओळीतला मधला खडा ओढला आणि भलतंच काहीतरी फोडून दिलं. वर माझी बाई तलवार उचलून तशीच उभी राहिली.

“ते माझ्यासाठी ठेवायचं होतं,” मी म्हटलं.

“तो ठेवते. मले नाही जमत बाप्पा. हाताशी आलं ते फोडून मोकळं व्हावं.”

तो ठेवते. मी पुढची चाल चुकले.

डाव आम्ही हरलो. मग तिने विचारलं, की तिला असं काहून बसवलं. मी ताईच्या सुपाची गोष्ट सांगितली, काही न लपवता. ती ऐकत राहिली. म्हणाली, “माह्या वेळेस उडीद होते. काळ्या उडदात काळा खडा. अन् खोटं कायले बोलू पोरी, सुरवातीले मी पन पाह्यलंच तुले. मग खेळच आवडला.”

“काय दिसलं?”

“ते नाही सांगत,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, हो कळवा म्हणून. मला ज्या हाताची वाट बघायची सवय लागली होती तो हात त्याचा होता, आणि तो मी स्वतः तपासून घेतला होता, त्यांनी मला तपासल्यावर का होईना.

आता मी मलाजखंडलाच असते. इथल्या एका शाळेत नोकरी मिळाली. नवरा फारसा बोलत नाही, हिंदीतही नाही. पाणी जाणार असलं तर माझ्यासाठी एक बादली भरून ठेवतो आणि सांगत नाही. पण बाहेरगावी जाताना बसमध्ये खिडकीची जागा मात्र धावत जाऊन आधी स्वतः पकडतो. त्यामुळे तो धीराचा हात त्याचाच, अशी पूर्ण खात्री व्हावी असं काही मिळत नाही.

मागे एकदा शाळा लवकर सुटली. मी मागच्या दाराने आत आले तर सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून खेळत होत्या, कोणासोबत ते दिसलं नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती. अंगठा काचेच्या वर नुसता धरलेला, हलत नव्हता. मग त्यांनी स्वतःची एक पिवळी ओळ सोडून दिली, समोरच्याचा हिरवा खडा उचलून दुसऱ्या हिरव्यांजवळ ठेवला आणि समोरच्या चालीची वाट बघत बसल्या. शांत, अगदी धीराने.

माझी पिशवी दाराला लागली. त्यांनी वळून पाहिलं, आणि त्याच क्षणी अंगठा सपकन फिरला, भलतेच खडे फुटले.

“आली का? चहा ठेव,” त्या म्हणाल्या.

मी चहा ठेवला. त्या दिवशी आमच्या घरी पोहे खाऊन त्या जे खेळल्या, ते त्यांचं खेळणं होतं की मुलासाठी घेतलेलं सोंग, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तरी त्या सांगणार नाहीत. रविवारी आम्ही तिघं बैठकीत बसतो, ओझेवाला कोणाच्या मोबाइलात उघडला आहे ते मला सांगत नाहीत, आणि मी खड्यांकडे न बघता दोघांचे अंगठे बघत खेळते.