दहा जणांचा उत्तरार्ध

कुरामोची तेत्सुरो मी भूगोल शिकवायचो त्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि तोंड मिटून हसायचा. सोळाव्या वर्षीच त्याचे पुढचे दोन दात गेले होते.

जपानमधल्या आमच्या शिमिझू बंदरात फुटबॉल न खेळणारं पोर सापडायचं नाही. शाळेचा संघ हरला की प्रशिक्षक मुलांना रांगेत उभं करत आणि एका टोकापासून थोबाडीत मारत जात. मार बसला की मुलानं कमरेत वाकून आभार मानायचे. माझा भूगोलाचा वर्ग मैदानाकडे होता. मी खिडकी लावून घेत असे.

पुढे कुरामोची बंदरावरच्या जहाजबांधणी कारखान्यात लागला आणि कारखान्याच्या संघात बारा वर्षं बचावफळीत खेळला. एकदा त्याच्या बुटाखाली समोरच्या खेळाडूची नडगी मोडली, त्याचा आवाज आम्हा प्रेक्षकांना वरच्या पायरीवर ऐकू आला. कुरामोची पंचापुढे वाकला, स्ट्रेचरपुढे वाकला, आणि पुढच्या रविवारी त्यानं आणखी एकाची बरगडी मोडली.

बत्तिसाव्या वर्षी तो त्याच संघाचा व्यवस्थापक झाला आणि जसं शिकला होता तसंच शिकवू लागला. एकदा बाजारात भेटला तेव्हा मी म्हटलं, "अरे, किती मारतोस त्यांना!"

"ज्याच्याकडून काही आशा नाही, त्याला मी हातच लावत नाही, सर," तो अगदी सरळपणे म्हणाला.

इसोगाई हा त्याचा सगळ्यात चपळ खेळाडू. एका चुकीच्या पासबद्दल कुरामोचीनं त्याच्या डाव्या कानाखाली अशी लगावली की पडदा फाटला आणि मानेवर रक्त ओघळलं. दुसऱ्या दिवशी इसोगाईची आई संत्र्यांची पेटी घेऊन कुरामोचीच्या दारात उभी राहिली.

"माफ करा, साहेब," ती वाकून म्हणाली. "लहानपणापासून त्याचा कान जरा नाजूकच आहे. तुम्हाला उगाच मनस्ताप झाला."

कुरामोची उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसला. जमिनीला कपाळ टेकवून म्हणाला, "आजपासून माझ्या संघात कुणीही कुणाला मारणार नाही, आई. मारेल तो मैदानाबाहेर. मग तो कुणीही असो."

त्या वर्षी संघाला वरच्या लीगमध्ये जायची संधी होती. त्याच्या स्वतःच्या पायांना जे बारा वर्षांत जमलं नव्हतं, ते आता जमणार होतं. पण त्यानं हात आवरला आणि संघ बावरला. सलग दोन सामने हरल्यावर कर्णधार सेगावा सगळ्यांना घेऊन त्याच्यासमोर आला. सगळ्यांनी प्रायश्चित्त म्हणून डोकी भादरलेली.

"सर, आमचं काय चुकलं ते सांगा. तुम्ही आमची आशा सोडलीत का?"

"सोडली नाही रे."

"मग मारा ना आम्हाला!"

"घरी जा, सेगावा. जेवा आणि झोपा."

सेगावानं याचा अर्थ स्वतःपुरता लावला: सर थकलेत, आता हे आपणच करायला हवं.

शेवटचा सामना जिंकला तरच वरची लीग मिळणार होती. पूर्वार्ध म्हणजे निव्वळ मारामारी होती. आमच्या एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचा खांदा निखळला आणि दोन्ही बदली खेळाडू खर्ची पडले. बरोबरी एक-एक. समोरच्यांचा गोल झाला तो इसोगाई आपला माणूस सोडून पुढे धावल्यामुळे.

पुढचं मला इसोगाईनंच सांगितलं. मध्यंतरात कुरामोची खोलीत शिरला तेव्हा सेगावा इसोगाईची गचांडी धरून उभा होता. फटका उजव्या कानावर, म्हणजे चांगल्या कानावर बसला. इसोगाईचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं.

"कर्णधाराचा पट्टा काढ, सेगावा," कुरामोची म्हणाला. "तू खेळणार नाहीस."

"मला काही लागलं नाही, सर!" इसोगाई कपाट धरून उठत ओरडला. "मला ऐकू येतंय!"

"बदलीला कुणी उरलेलं नाही, सर," सेगावा म्हणाला. "दहा जणांनीच खेळायचं?"

"दहा जणांनी."

सेगावा गुडघ्यांवर आला आणि त्यानं गाल पुढे केला. "मला मारा. दहा वेळा, शंभर वेळा मारा, पण बाहेर काढू नका. सर, पाया पडतो!"

कुरामोचीचा हात खांद्यापर्यंत वर गेलेला सगळ्यांनी पाहिला. तो हात तसाच खाली आला आणि त्यानं सेगावाच्या दंडावरचा पट्टा सोडवून घेतला.

दहा जण पाऊण तास जिवावर उदार होऊन लढले. इसोगाईची भुवई फाटली, गोलरक्षकाची दोन बोटं मोडली. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, जिथं सेगावा असायला हवा होता त्याच जागेतून, समोरच्यांचा दुसरा गोल झाला आणि आम्ही हरलो.

गाडीतळावर सेगावानं कुरामोचीला गाठलं. "तुमच्या एका शब्दापायी!" म्हणून त्यानं ठोसा हाणला. कुरामोची पाठीवर पडला, आणि सेगावानं त्याच्या छातीवर बसून आणखी तीन लगावले. पोरं धावली.

"त्याला हात लावू नका," कुरामोची तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. "कुणीही नाही."

कारखान्यानं सेगावाला कामावरून काढायचं ठरवलं. कुरामोची सुजलेलं तोंड घेऊन साहेबांकडे गेला आणि राजीनामा देऊन आला. सोबत एक यादी जोडली होती: सहा वर्षांत त्यानं ज्यांना मारलं त्या एक्केचाळीस जणांची. सेगावाचं नाव सगळ्यात वर. मारणारा मैदानाबाहेर, तर पहिला मान माझा, असं त्यानं साहेबांना सांगितलं. सेगावाची नोकरी राहिली. संघात मात्र त्याला वर्षभर घेतलं नाही. तीही कुरामोचीचीच अट होती.