तीस, साठ आणि एक म्होरकी

गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवायचा कॅमेरा मी हौसेनं घेतला खरा, पण त्यानं घरात आल्या आल्या मला कोड्यात टाकलं. चित्र अगदी रेखीव हवं असेल तर सेकंदाला तीसच फ्रेम मिळणार. साठ हव्या असतील, म्हणजे पळती वस्तू नीट पकडायची असेल, तर रेखीवपणा सोडायचा. दोन्ही एकदम नाही. आठ दिवस मी भवानी पेठेतल्या आमच्या बोळात गाडी पुढंमागं घेत चाचण्या केल्या. तिसात समोरच्या स्कूटरचा नंबर वाचता यायचा. साठात शेजाऱ्यांचं मांजर कठड्यावरून उडी मारताना शेपटीसकट दिसायचं. मांजराविरुद्ध तक्रार द्यायची असेल तर साठ ठेवा, असं बायकोचं मत पडलं.

नवव्या दिवशी आम्ही दोघं दुधनीहून परतत होतो. पुढं मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता, गाडी नुसती रांगत होती. हाताशी आलेला वेळ वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्यानं मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरलो. बायको "अहो" म्हणाली. मला वाटलं, तीस की साठ ते सांगतेय, म्हणून पुढचं ऐकायला थांबलो. पुढचं ऐकू आलं ते बंपरवरून.

एक मेंढी पुढचा पाय उचलून रस्त्यातच बसली होती. मी गाडीतून उतरायच्या आधीच मनातल्या मनात निर्दोष सुटलो होतो. घोंगडी खांद्यावर टाकलेला म्हातारा मेंढपाळ तिच्याजवळ वाकून पाय चाचपत होता. मी त्याला सांगितलं की गाडी जवळजवळ उभीच होती, मेंढीच आडवी आली, आणि माझ्याकडं पुरावा आहे. तो पाय चाचपतच राहिला. बाकीची मेंढरं मात्र जागची हलेनात. त्याची बायको मागून हाकत होती, तरी सगळी त्या एकीकडं बघत उभी.

"म्होरकी हाय ही," तो म्हणाला. "ही उटल्याबिगर कुनी हालत न्हाय."

मी ऐटीत कॅमेऱ्यातली शेवटची क्लिप लावली. पडदा काडेपेटीएवढा, वर दुपारचं ऊन. म्हाताऱ्यानं खिडकीतून डोकं आत घालून घोंगडीची सावली धरली. रस्ता दिसला, पुढं कळप दिसला. चित्र सुरेख होतं. मग माझाच आवाज आला, खणखणीत: "थांब गं, आधी रेकॉर्डिंग बंद करावं लागतं, त्याशिवाय सेटिंग बदलत नाही." टिंग. काळोख.

"फुडचं?" त्यानं विचारलं.

पुढचं नव्हतं.

"मग फुडचं मी सांगतो की. तुमची मान खाली हुती. बाईंनी हात वर केला. ही माझ्या हाकंवर वळाय लागली, तेवड्यात तुमी आला."

तक्रारीचा सूर नव्हता, हेच जास्त झोंबलं. मी बायकोकडं बघितलं. ती कळपाकडं बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली की पुरावा तिला तोंडानं द्यावा लागत नाही.

"चुकलं मामा," मी म्हणालो. "खाली बघत होतो."

"व्हय," तो म्हणाला. "आता हिला न्यायचं कसं?"

मग आम्ही मेंढीला मागच्या सीटवर घेतलं. मेंढपाळ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. त्याची बायको कळप बाभळीच्या सावलीला वळवायच्या खटपटीला लागली. आमची स्वारी निघाली अक्कलकोटच्या जनावरांच्या दवाखान्याकडं. डॉक्टरांनी पाय हलवून पाहिला. हाड शाबूत होतं, मुकामार होता. पट्टी बांधून चार दिवस चालवू नका म्हणाले. म्हाताऱ्यानं तेव्हा कुठं घोंगडीनं तोंड पुसलं.

परत त्यांना सोडायला निघालो, तर कॅमेरा पुन्हा सेटिंगमध्येच येऊन अडलेला. पडद्यावर तोच प्रश्न: तीस की साठ? माझी नजर तिकडं वळली असावी, कारण मागून आवाज आला, "बाई, त्ये डबडं तुमीच बगा की. साहेबास्नी रस्ता बगू दे. आत माझी मेंढी हाय."

बायकोनं हात लांबवून काहीतरी दाबलं. तीस की साठ, मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.