टाकीला घातलेला गूळ

ऑगस्ट १९९८, गौरी यायच्या आदला दिवस. सकाळी धाटावजवळच्या एका कंपनीच्या कॉलनीत मी सांडपाण्याच्या टाकीतला ऑक्सिजन मोजत होते. मी तिथली केमिस्ट. दुपारच्या गाडीने रोह्याहून जित्याला, आईकडे निघायचं होतं. हळदीच्या पानात उकडायच्या पातोळ्यांसाठी घेतलेली गुळाची ढेप पिशवीत तयार होती.

टाकी नवी, चाचणीसाठी आणलेली. आत शेवयांसारख्या पोकळ नळ्यांचे पडदे सोडलेले. मैला खाणारे जिवाणू टाकीतच राहत आणि पंप त्या नळ्यांमधून स्वच्छ पाणी ओढून घेई. जिवाणूंना हवा लागते, पण बेताची. कमी पडली की त्यांचा गाळ काळा पडून वास मारतो. जास्त झाली आणि खायला काही नसलं, की गाळाचे गोळे फुटून पीठ होतं आणि पडद्यांची भोकं बुजतात.

ऑक्सिजन मीटरचा काटा एरवी दोनाच्या आसपास असायचा. त्या दिवशी सातावर होता. पंपाला पाणी ओढवत नव्हतं.

ऑपरेटर माझ्याहून वयाने मोठे, रोह्याजवळच्या भातशेतीच्या गावचे. बॅग घेऊनच उभे होते.

“एवढी हवा कोणी सोडली?”

“मीच, मॅडम. काल फुल करून ठेवली. गावाला जाताना बैलाफुडं जास्तीचा पेंढा टाकतो ना, तसं. आपल्यामागं कमी पडाया नको.”

“हवेने पोट भरतं काय? अख्खी कॉलनी गावाला गेली. जिवाणूंना खायला येणार कुठून?”

ते ओशाळले. “मग मी र्‍हातो.”

“तुम्ही जा. तपासण्या मलाच कराव्या लागतील.”

पडदे हलतील एवढीच हवा ठेवली. पडदे टाकीबाहेर काढून ब्लीचिंगच्या पाण्याने धुतले. आता जिवाणूंना खायला हवं होतं, आणि कॉलनीतलं दुकान बंद. मी ढेप फोडली, बादलीत विरघळवली आणि थोडीथोडी टाकीत ओतली.

मग आईच्या शेजाऱ्यांकडे फोन लावून तिला बोलावून घेतलं.

“आज नाय येत? नि गूळ?”

“टाकीत घातला.”

“घाणीला गूळ, नि आयशीला फिक्या पातोळ्या! बरी हायस गो!” आणि आई हसली. मागे खोबरं किसल्याचा आवाज येत होता. फोन ठेवल्यावरही हळदीच्या पानांचा वास नाकातून जाईना.

गौर आली त्या दिवशी आणि पूजेच्या दिवशीही मी टाकीपाशीच. काटा उतरता उतरत नव्हता. कॉलनीत माणूस नव्हतं, म्हणून टाकीत ऑक्सिजन उरत होता. त्या काट्यावर मला एकेका बंद घराचं कुलूप दिसायचं. हे नागोठण्याला पोचले, ते पेणला. सगळे आपापल्या ओट्यावर पाय धूत असतील. मी बादली ढवळत होते.

पूजेच्या संध्याकाळी काटा तिनावर आला. पंप नीट ओढू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा दोनावर होता. ऑपरेटर न सांगता लवकर परत आले. हवा किती ठेवायची ते त्यांना दाखवलं आणि मी निघाले. रोहा स्टेशनबाहेर वाण्याचं दुकान उघडेपर्यंत उभी राहिले, गूळ घेतला आणि गाडीत बसले. गौर संध्याकाळी जायची होती.