दोन बोटं डिझेल

भांडुपच्या दशरथ मोंडकरांचा बायकोवर तेवढा विश्वास होता, बाकी जगावर नव्हता. वडिलांनी जुनी पोकलेन घेतली तेव्हापासून, म्हणजे पस्तीस वर्षं, ते माती उपसत आले. मुलुंडच्या कुठल्या इमारतींचे पाये आपण खणले, हे ते भेटेल त्याला ऐकवत. धुराच्या रंगावरून मशीनचं दुखणं ओळखत. गुडघे गेले तेव्हा त्यांनी सीट हाताखालच्या काशीरामला दिली. एकोणीस वर्षांपूर्वी त्याला शिकवलंही त्यांनीच. पण बांबूची पट्टी काही दिली नाही. काम थांबलं की ती टाकीत बुडवून स्वतः डिझेल मोजायचं, सकाळी पुन्हा मोजायचं.

टेकडीलगतचं नवं काम लागलं आणि रोज सकाळी डिझेल दोन बोटं कमी भरू लागलं. झालं! काशीरामच्या डब्यात सुरमई दिसली तरी दशरथदादांचे डोळे बारीक होऊ लागले. त्यांनी टाकीला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. तरी दोन बोटं कमीच. म्हणजे पठ्ठ्यानं दुसरी किल्ली केली!

"अहो, एकदा विचारा ना त्याला," बायको, रत्नप्रभा, म्हणाली.

"चोर कबूल करतो का गं?"

बाराव्या सकाळी मात्र त्यांना राहवलं नाही. "काशीराम, डिझेल जातं कुठे रे?"

ट्रकला वाट राहावी म्हणून मशीन रात्री गेटजवळच्या उतारावर आडवी लावायची, हा दादांचाच हुकूम होता. काशीरामनं ती चालू केली आणि खाली, संध्याकाळी मोजमाप होई त्या सपाट जागेवर आणली.

"आता मोजा."

पट्टी कालच्या खुणेपर्यंत भिजून आली. उतारावर डिझेल टाकीच्या दुसऱ्या बाजूला सरकत होतं, एवढंच. हयात मशीनवर काढलेल्या माणसाला हे कळू नये! दशरथदादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, मग आधी बोलायचंस ना!"

"कुलूप मी पयल्याच दिवशी बघितलंय, दादा. म्हटलं, आज इचारतील, उद्या इचारतील."

त्यानं केबिनमधून डबा काढला. दादांनी त्याचा हात धरला. "चुकलं रे माझं. जाऊ नकोस."

"माझा राग नाय तुमच्यावर," काशीराम म्हणाला. "पन उद्या बोटभर जरी कमी भरलं, तर तुमी पयलं माझ्याकडंच बघणार."

दादांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्याचा हात सोडून दिला.