नावड्याच्या विहारात डोळे मिटून

आमची ही म्हणते, "मन शांत करायला जाता आणि येताना तोंडभर गप्पा घेऊन येता!" खोटं नाही. डोळे मिटून गप्प बसणाऱ्या माणसांचे किस्से ते काय असणार, असं पूर्वी मलाही वाटायचं. पण पंधरा माणसं दर रविवारी चाळीस मिनिटं तोंड बंद ठेवून बसली, की एकेचाळिसाव्या मिनिटाला सगळं धो धो बाहेर पडतं. मी सात वर्षं जातोय. मन किती शांत झालं ते विचारू नका, किस्से मात्र भरपूर जमलेत.

नावडे कॉलनीतल्या आमच्या विहारात सकाळी सात ते सात चाळीस ध्यान असतं. शिकवतात जाधव सर. सर म्हणजे शाळेतले नव्हेत हां! रबाळ्याच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर बॉयलर सांभाळला. रिटायर झाल्यावर ध्यानाची शिबिरं केली आणि आम्हाला बसवायला लागले. त्यांची शिकवण सगळी बॉयलरमधून येते. "राग आला की दाबू नका, सोडूही नका. काट्याकडे बघत बसा, कुठवर चढतोय ते. बघणारा माणूस जागेवर असला की बॉयलर फुटत नाही."

मी मोरे, तळोज्यात स्टोअरकीपर आहे. विहारात माझ्याकडे एकच काम, चाळीस मिनिटं झाली की घंटी वाजवायची.

*

नावड्यात राहणाऱ्याला श्वासाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूने वारा फिरला की कळतं.

एका रविवारी आम्ही बसलो आणि असा काही उग्र वास आला की नाक चुरचुरायला लागलं. सर त्यांच्या संथ आवाजात सांगतायत, "श्वास जसा आहे तसा बघा. चांगला म्हणू नका, वाईट म्हणू नका."

मागून पाटील काका म्हणाले, "सर, यो श्वास बगायचा नाय, याची कंप्लेंट करायची हाय!"

पाटील काका मूळचे नावडे गावातलेच, आगरी. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी शांत बसायला सांगितलं आणि ते आमच्याकडे येऊन बसले. सगळा हॉल हसला. सरांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "कंप्लेंट सात चाळीसला. तोवर बघा."

सात चाळीसला त्यांनी खरंच कागद काढला, तक्रार लिहिली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. शेवटची ओळ होती, 'तुमचं मंगल होवो, पण चिमणीकडे लक्ष द्या.'

*

सावंत मॅडम टॉवरवाल्या सोसायटीत राहतात, बँकेत ऑफिसर आहेत. त्यांच्या मोबाईलमध्ये ध्यानाचं अ‍ॅप आहे. किती दिवस न चुकता बसलात ते अ‍ॅप मोजतं. मॅडम आल्या आल्या आकडा सांगायच्या. "सर, आज एकशे बारा!"

एकदा मला त्या भाजीवाल्यासमोर दिसल्या. कानात वायर, हातात दुधी. मी हाक मारली तर बोट ओठावर ठेवून खुणावलं, ध्यान चालू आहे! आणि तेवढ्यात भाजीवाल्याला म्हणाल्या, "हा जून आहे, बदलून दे."

मी काय, लगेच सरांकडे चहाडी केली. सर मॅडमना एवढंच म्हणाले, "आमच्याकडे पण बॉयलरचं रजिस्टर असायचं. एक पोरगा ते फार सुंदर भरायचा. वाफ मात्र व्हायची नाही." मॅडमनी त्या दिवसापासून आकडा सांगणं बंद केलं. अ‍ॅप अजून आहे.

*

आता मैत्री भावनेबद्दल सांगायला हवं. श्वास बघून झाला की सर शेवटची दहा मिनिटं मैत्री करायला लावतात. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जवळच्या माणसाचं. मग अशा माणसाचं, जो ना आपला ना परका. मग ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं, आणि शेवटी सगळ्यांचं.

सगळ्यांना वाटतं, न पटणारा माणूस अवघड. छे! तो तर डोळे मिटायच्या आधीच हजर असतो. घोडं अडतं ते ना आपला ना परका या पायरीवर.

पाटील काका म्हणाले, "सर, आमच्या गावात असा मानूसच नाय. एकतर नातेवाईक हाय, नायतर कोर्टात केस चालू हाय!"

"आणि नातेवाईक असून केस चालू असेल तर?"

"तेच जास्ती हायत."

सावंत मॅडमनी त्यांच्या सोसायटीचा वॉचमन निवडला. सहा वर्षं रोज दिसतो, नाव माहीत नाही. अगदी बरोबर माणूस. पण ज्याचं भलं चिंतायचं त्याचं नाव तरी माहीत हवं, म्हणून त्यांनी विचारलं. मग कळलं त्याची मुलगी दहावीला आहे, गणितात कच्ची आहे. मग मॅडम मुलीला गणित शिकवायला लागल्या. महिन्याभराने तक्रार घेऊन आल्या, "सर, मला दुसरा माणूस द्या. हा आता जवळच्यात गेला!"

*

ज्योती मात्र या असल्या गप्पांना कधी थांबायची नाही.

ज्योती आमच्यातली सगळ्यात तरुण, पस्तिशीची असेल. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दाराजवळ बसायची आणि घंटी वाजली की 'साधू, साधू, साधू' म्हणायच्या आत चपला घालून पळायची. घरी सासू होती, भागाबाई. परभणीकडची, आयुष्यभर शेतात राबलेली खमकी बाई. आता काही लक्षात राहत नाही. जेवण झालं की पाचव्या मिनिटाला "मला उपाशी ठेवलं" म्हणून ओरडायची, ज्योतीला ओळखायची नाही, चिमटे काढायची. नवऱ्याची सुट्टी गुरुवारी, आणि ज्योती लॅबमध्ये असताना सांभाळायला येणारी बाई रविवारी येत नाही, म्हणजे रविवारी घरात कोणी नाही. सासू सकाळची झोपलेली असताना बाहेरून कडी लावून ज्योती यायची. आठवड्यातली तेवढीच चाळीस मिनिटं तिची स्वतःची होती.

पुण्याचा दीर म्हणत होता, इकडे एक चांगला वृद्धाश्रम आहे, आईला ठेवू. "फक्त तू हो म्हण, वहिनी." म्हणजे उद्या कोणी विचारलंच, तर वहिनीने ठेवलं! ज्योती हो म्हणत नव्हती आणि नाही म्हणायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

आणि अशात मी घोळ घातला.

*

त्या रविवारी मी घंटी मांडीवर घेऊन बसलो आणि बसल्या बसल्या झोपलो. अगदी गाढ. आठवडाभर स्टॉक-टेकिंग चालू होतं, पण ते कारण झालं.

सात चाळीस झाले, आठ झाले. एक माणूस उठला नाही! प्रत्येकाला वाटलं, सर आज परीक्षा बघतायत. सरांना वाटलं, मोरेंची घंटी वाजेल तेव्हा वाजेल, अधीर कशाला व्हा. पाटील काकांचे पाय बधिर झाले, पण सावंत मॅडम उठत नाहीत म्हटल्यावर तेही उठेनात. आठ दहाला माझ्याच घोरण्याचा आवाज ऐकून मी जागा झालो आणि घंटी बडवली.

सगळे एकमेकांना सांगायला लागले, "आज काय सुंदर ध्यान लागलं!" मी मान खाली घालून बसलो.

ज्योती घरी पोचली तेव्हा बिल्डिंगखाली माणसं जमली होती. भागाबाई खिडकीच्या गजांना धरून ओरडत होत्या, "कोंडून घातलंय मला! अन्न देईनात!" कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. ज्योती सगळ्यांच्या मधून वर गेली. कोणी तिला काही विचारलं नाही, ते जास्त लागलं असणार.

मी संध्याकाळी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "तुमची काय चूक, काका. उठायला मला कोणी धरलं होतं? मीही परीक्षाच समजले." आणि रडली. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

सर म्हणाले, "आजींना इकडेच घेऊन ये."

*

भागाबाई पहिल्या रविवारी आल्या. आम्ही सगळे डोळे मिटून बसलेलो. दोन मिनिटं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कामून झोपलेत गं हे समदे? कामधंदा नाही का यांना?"

पाटील काकांचं पोट हलताना दिसलं.

मग सरांना म्हणाल्या, "मास्तर, डोळे उघड. पोरं पळून जातील!"

ज्योती शरमेने अर्धी झाली. सर म्हणाले, "आजी बरोबर बोलल्या. तुमची मनं पळालीच होती. परत आणा."

पण शेवटी वंदना सुरू झाली. ज्या बाईला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, तिने हात जोडून त्रिसरण, पंचशील सगळं म्हटलं. एक शब्द चुकला नाही. सावंत मॅडम पुस्तकात बघून म्हणत होत्या, त्यांनी पुस्तक मिटलं आणि आजींच्या मागून म्हणायला लागल्या.

*

म्हणून घरातलं सोपं झालं असं नाही. एकदा ज्योती ध्यानानंतर थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सर, काल आईंनी चिमटा काढला आणि मी त्यांचा हात झटकला. जोरात. भिंतीवर आपटला. इथे बसून मैत्री करते आणि घरी जाऊन हे."

मला वाटलं, आता सर बॉयलर काढणार. सरांनी बॉयलर काढला नाही. म्हणाले, "उद्या दुपारी तू झोप. मी आणि आमची मंडळी येतो."

ती लॅबमधून आल्यावर दोन तास झोपली. बाहेर भागाबाईंनी सरांना शेतावरचा गडी समजून फैलावर घेतलं. "बसलास काय नुसता? शेंगा फोड!" शेंगा घरात नव्हत्या, सर खाली जाऊन घेऊन आले. दोन किलो शेंगा फोडल्या. जरा मान वर केली की आजी ओरडायच्या, "हातावर ध्यान दे!"

रविवारी सरांची बोटं सोललेली होती. म्हणाले, "इतकी वर्षं शिबिरं केली, पण असा गुरू मिळाला नव्हता."

त्यानंतर आम्ही पाळ्या लावल्या. मंगळवारी सावंत मॅडम, शुक्रवारी पाटील काकी. पण पाळ्या दोन-दोन तासांच्या. बाकी सगळं ज्योतीवरच होतं. दिराचे फोन चालूच होते, आणि एके दिवशी ती हो म्हणाली. आम्ही कोणी तिला बोल लावला नाही. कोणत्या तोंडाने लावणार?

*

तो रविवार. ज्योती आजींना घेऊन आली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "भाऊजी अकराला गाडी घेऊन येतायत. आईंची बॅग भरलीये. आज शेवटचं." सरांनी मान हलवली. पाटील काका खिशात रुमाल शोधायला लागले.

श्वास झाला, मैत्री सुरू झाली. आधी स्वतःचं. मग सर म्हणाले, "आता जवळच्या एका माणसाला आठवा. मनात म्हणा, त्याचं भलं होवो."

भागाबाई मोठ्याने म्हणाल्या, "त्या पोरीचं भलं व्हवो."

त्या मधेच बोलायच्या, आम्हाला सवय होती. पण सरांनी हळूच विचारलं, "कुठल्या पोरीचं, आजी?"

"ती मला न्हाऊ घालती ती. पानी लई ऊन तर नाही ना, आधी आपल्या हातावर घेऊन बघती. माझ्या मायनंबी असं कधी बघितलं नाही." मग आवाज खाली आणून, गुपित सांगावं तसं म्हणाल्या, "तिला सुख नाही रे बाबा. तिची सासू लई छळती तिला. काल मोरीत बसून रडत व्हती. म्या पाह्यलं."

मी डोळे उघडले होते, कबूल करतो. ज्योतीचे मिटलेलेच होते. ती तशीच म्हणाली, "आई, तिच्या सासूचं पण भलं होवो म्हणा."

भागाबाईंनी विचार केला. बराच वेळ केला.

"व्हवो," त्या म्हणाल्या. "पण आधी पोरीचं."

ध्यान संपलं. ज्योती एका पायात चप्पल घालून तशीच दारात उभी राहिली आणि फोन लावला. आम्ही सगळे आपापल्या चपला शोधत असल्याचं नाटक करत होतो.

"भाऊजी, निघालात का? नाही, नाही, या की. फक्त एक करा. आईंची बॅग मी घरी गेल्यावर परत रिकामी करणार आहे. तुम्ही तुमची भरून आणा, पंधरा दिवसांची!"