सायबापुढं सजवलेले बैल

दुष्काळात सरकारनं चौसाळ्याजवळ जनावरांची छावणी उघडली, तेव्हा नवऱ्याला घरी ठेवून सासरे आणि मी आमची बैलजोडी घेऊन तिथंच राहायला गेलो. साड्यांच्या आडोशाला चूल, शेजारी दावण. हाल म्हणाल तर लई होते. पण दिवसभर बायाबायांची जी थट्टामस्करी चालायची, ती आठवली की अजून जीव तिकडं ओढतो.

एक दिवस कळलं, छावणी ठेवायची की बंद करायची हे ठरवायला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार. बंद झाली तर बैल विकायचे, नाहीतर डोळ्यांदेखत मरू द्यायचे. आणि आमच्या सासऱ्यांनी काय करावं? टँकरच्या पाण्यातलं आमच्या वाटणीचं पाणी घालून बैल धुतले, शिंगं रंगवली, पाठीवर पोळ्याच्या झुली चढवल्या. त्यांचं बघून अख्खी छावणी सजली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मामा, सायबाला उपाशी बैल दाखवायचेत का नवरदेव? तर म्हणाले, पाहुण्यापुढं रडकं तोंड करून उभं राहायची आपल्यात रीत न्हाई.

साहेब आले. चारा पुरतो का, असं विचारत दावणीदावणीनं फिरले. ज्याला विचारावं तो हात जोडून म्हणणार, "बरं हाय साहेब." सासरेही तेच म्हणाले. साहेबांच्या तोंडावर समाधान दिसायला लागलं. आता छावणी बंद होणार, हे मी ओळखलं. ते गाडीकडं वळले, आणि लोकांदेखत सासऱ्यांसमोर कधी मान वर न केलेली मी, पदर खोचून पुढं झाले. बैलाची झूल ओढून खाली टाकली. एकेक बरगडी मोजून घ्यावी, असा तो बैल.

साहेबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग सोबतच्या माणसांना म्हणाले, पाऊस पडेपर्यंत छावणी हलणार नाही, आणि चारा वाढवा.

बैल जगले. सासरे मात्र आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चारचौघांत उघडं पाडलं, हे त्यांचं दुखणं. मीही हट्टी, माफी मागितली नाही.

पुढं एका साली अतिवृष्टीनं कापूस कुजला. पंचनाम्याला साहेबलोक बांधावर आले. सासऱ्यांनी हात जोडले, तोंड उघडलं, परत मिटलं. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तूच फुडं हो. माझ्या तोंडातून पुन्यांदा बरं हायच निघंल."